लॉन मे महिन्यात हिरवं का असावं? गवताच्या पाण्याचा थोडा इतिहास

मागच्या मे महिन्यात घरच्यांबरोबर नारायणगडावर गेले होते. बीड जिल्ह्यातलं हे वारकऱ्यांचं ठिकाण, लोक त्याला 'धाकटी पंढरी' म्हणतात. दर्शन झालं, प्रसाद झाला आणि आम्ही सावलीत टेकलो. समोरचा सगळा माळ पिवळा, खरं तर पिवळ्याच्याही पुढे गेलेला, मातीच्या रंगाचा. तेवढ्यात माझ्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, विषय काढला.

"तू गवताचंच शिकायलीस ना गं? मग सांग, कमी पाण्यात येणारं लॉन कोणतं?"

अण्णा रस्त्याला लागून असलेल्या एक एकरात मंगल कार्यालय काढतायत. नर्सरीवाल्याने त्यांना 'मेक्सिकन टाका, गालिचा होतो' असं सांगितलं होतं. माझं पीएचडीचं काम कोरडवाहू भागातल्या गवतांची मुळं आणि मातीतला ओलावा यावर आहे. त्यामुळे घरात गवताचा कुठलाही प्रश्न आता माझ्याकडेच येतो. मी म्हटलं, "अण्णा, हिशेब करून सांगते." हिशेब करायला बसले, आणि दर वेळी होतं तसंच झालं. आकड्यांच्या मागे इतिहास निघाला. तोच आज तुम्हाला सांगते.

'लॉन्स' म्हणजे काय?

आधी एका शब्दाबद्दल. बीड, जालना, नगर, संभाजीनगर, कुठल्याही शहरातून बाहेर पडा. रस्त्याच्या कडेला 'अमुक लॉन्स', 'तमुक लॉन्स' अशा पाट्या दिसतील. मराठीत 'लॉन्स' या शब्दाचा अर्थ आता गवत असा राहिलेलाच नाही. 'लग्न कुठंय?' 'लॉन्सवर.' म्हणजे उघड्यावरचं मंगल कार्यालय. तिथे गवत असलंच तर ती वरची शोभा.

आता आमच्याकडची लग्नं कधी असतात? बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीनंतर घरंच्या घरं कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परततात. माणसं गावात, शेतात काम नाही, हातात थोडे पैसे, म्हणून लग्नं एप्रिल-मेमध्ये. म्हणजे लॉन सगळ्यात हिरवं दिसायला हवं ते नेमकं टँकरच्या दिवसांत. अण्णांच्या प्रश्नातली खरी अडचण ही आहे, आणि कुठल्याही जातीचं गवत आणलं तरी ती एकट्या जातीने सुटत नाही.

पाऊस तेवढाच, पण

आखूड कापलेली, सलग, एकरंगी हिरवळ ही पश्चिम युरोपातली, विशेषतः इंग्लंडमधली कल्पना. मोठ्या वाड्यांभोवतीची कुरणं आधी मेंढ्या चरून आणि माणसं विळ्या-कोयत्यांनी कापून आखूड ठेवायची. एवढी जमीन पिकाखाली न घालता नुसती शोभेला ठेवली, हीच त्यातली श्रीमंती. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज माणसाने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यानंतर लॉन हळूहळू मध्यमवर्गाच्या घरांपुढेही आलं.

हे सगळं तिथे चाललं, कारण तिथे गवताला पाणी घालावं लागत नव्हतं. इथे एक गोष्ट बघा. लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड नावाचं जुनं शेती संशोधन केंद्र आहे. तिथे वर्षाला पडणारा पाऊस आहे सातशे मिलिमीटरच्या आसपास. आणि आपल्या बीडचा सरासरी पाऊस? साडेसहाशे ते सातशे. म्हणजे जवळजवळ तेवढाच! मी पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा मलाही पटेना.

फरक आहे तो वाटणीचा. तिथला पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो, आणि ऊन बेताचं. आपला पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, त्यातही मोजक्या दिवसांत. पुढचे आठ महिने जवळपास कोरडे, त्यातले शेवटचे तीन भट्टीसारखे. त्यामुळे तिथल्या गवताला कायम हिरवं राहणं परवडतं. इथल्या गवताने तसा प्रयत्न केला तर ते मरेल.

हरळी साहेबाच्या बंगल्यात

इंग्रज इथे आले तेव्हा त्यांनी बंगल्यांपुढे, जिमखान्यांवर, छावण्यांमध्ये हिरवळ हवी म्हणून हट्ट धरला. जुन्या वास्तूंच्या आवारातही ती शिरली. ताजमहालाच्या बागेत आज दिसणारी मोकळी हिरवळ मुघलांची नाही. त्या बागा दाट झाडांच्या, फळांच्या, फुलांच्या होत्या. मोकळं लॉन हे कर्झनच्या काळातल्या डागडुजीचं रूप आहे.

विलायती गवत मैदानी भागातल्या उन्हाळ्यात टिकेना. मग साहेबाच्या माळ्यांनी इथलंच एक गवत पुढे केलं. हिंदीत दूब, आपल्याकडे हरळी, आणि गणपतीला वाहताना दूर्वा. अमेरिकेत त्यालाच बर्म्युडा गवत म्हणतात. लावायची पद्धतही इथलीच झाली. हरळीच्या कांड्या बारीक तोडायच्या, माती आणि शेणाबरोबर कालवायच्या आणि तो काला जमिनीवर थापायचा. बागकामाच्या पुस्तकांत याला 'टर्फ प्लास्टरिंग' असं भारदस्त नाव आहे. आपण साधं सारवणं म्हणू.

गंमत अशी की ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून ही हरळी बंगल्यात गेली, त्याच्यासाठी ती वैरीण होती. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा घुसले की नांगर, कुळव, उन्हाळ्यात मुळ्या वेचणं, सगळं करून माणूस थकायचा. 'हरळीची मुळी' म्हणजे काही केल्या न मरणारी गोष्ट. ही तिची ओळख तणाची, आणि तोच तिचा गुण. जमिनीवर पसरणाऱ्या कांड्या, जमिनीखालच्या कांड्या आणि खोल जमिनीत मीटरभराहून खाली जाणारी मुळं. वरचं सगळं वाळलं तरी खालची कांडी झोपून राहते आणि पावसाबरोबर उठते.

पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळीचा तिच्या आफ्रिकन बहिणीशी संकर करून बारीक पात्यांच्या जाती काढल्या. १९५६ची 'टिफग्रीन' आणि १९६०ची 'टिफवे' या त्यातल्या प्रसिद्ध. जगभरच्या मैदानांवर या कुळातलं गवत दिसतं. म्हणजे स्टेडियमवर जे गवत आपण टीव्हीवर कौतुकाने बघतो, ते नात्याने बांधावरच्या हरळीचंच.

माळाचं गवत पाणी कसं वाचवतं

आता थोडं विज्ञान, घाबरू नका. १९१०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ब्रिग्ज आणि शँट्झ या दोघांनी कुंड्यांत वेगवेगळी पिकं लावून, एक किलो कोरडं वजन तयार व्हायला किती पाणी लागतं ते वर्षानुवर्षं मोजलं. ज्वारीला साधारण ३२० किलो पाणी, लसूणघासाला ८००च्या वर! इतका फरक का, हे तेव्हा उलगडलं नाही. उत्तर आलं १९६०च्या दशकात. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानांवर काम करून दाखवलं की काही वनस्पती कार्बन डायऑक्साइड आधी एका वेगळ्या मार्गाने गोळा करून साठवतात. त्यामुळे पानावरची सूक्ष्म छिद्रं कमी उघडूनही त्यांचं भागतं. छिद्रं कमी उघडी, म्हणून पाणी कमी उडतं. याला 'सी-४' मार्ग म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, हरळी, आणि आपल्या माळावरचे पवन्या, मारवेल, कुसळी हे सगळे सी-४.

१९७३मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात आपलं सगळं पठार ज्या गटात येतं त्याचं नाव ज्या दोन गवतकुळांवरून पडलं, त्यातली ओळखीची गवतं म्हणजे पवन्या आणि मारवेल. गायरानावर ती दिसतात का, हे तुमच्या आजोबांना विचारा. बहुतेक ठिकाणी अतिचराईने चांगली गवतं मागे पडली आणि कुसळं उरली. २०१९च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या, तेव्हा जनावरांपुढे बाहेरून आणलेला ऊस टाकत होते. जिथे माळच वैरण द्यायचा, तिथली ही गत.

इथे एक सापळा आहे. 'ऊसही सी-४ म्हणजे कमी पाण्याचं पीक' असं कुणी म्हणालं तर? किलोमागे बघितलं तर ऊस खरोखर काटकसरी आहे. पण तो बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो आणि उन्हाळ्यातही त्याला थांबू देत नाहीत. म्हणून एकूण पाणी प्रचंड. पवन्या-मारवेलची काटकसर पानात आहे तशी कॅलेंडरमध्येही आहे. पाऊस संपला की बी टाकायचं आणि गप्प बसायचं. गडावरून दिसलेला तो पिवळा माळ म्हणजे मेलेलं गवत नव्हतं, बरंचसं झोपलेलं होतं.

लॉनचं नेमकं उसासारखं होतं. गवत सी-४ आणलं, पण त्याला झोपू दिलं नाही.

आपल्या प्रत्येक पिकाच्या हिशेबात एक लॉन आहे

हा भाग मला सगळ्यात आवडतो. १९४८मध्ये हॉवर्ड पेनमन या भौतिकशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. उघडं पाणी, मोकळी जमीन आणि गवत यांच्यावरून किती पाणी उडतं, ते ऊन, वारा, तापमान आणि दमटपणा यांवरून काढायचं गणित त्यात होतं. पेनमन काम कुठे करत होता? रॉथॅमस्टेडला. तिथलं हिरवंगार, भरपूर ओलं गवत त्याच्यासमोर होतं.

त्या गणितात सुधारणा होत गेल्या आणि १९९८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ते जगासाठी प्रमाण केलं. त्याचा पाया म्हणजे एक काल्पनिक लॉन. बारा सेंटिमीटर उंच, सलग, जोमदार आणि पाण्याची कधीच कमतरता नसलेलं. असं लॉन तुमच्या गावात असतं तर आज त्याने किती मिलिमीटर पाणी उडवलं असतं, त्याला 'संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन' म्हणतात. मग प्रत्येक पिकाचा गुणांक त्याला गुणायचा. ठिबकवर मोसंबीला किती पाणी द्यायचं, कापसाला किती, याचे तक्ते असेच बनतात. म्हणजे ज्या शेतकऱ्याने आयुष्यात लॉन लावलं नाही, त्याच्याही हिशेबात एक लॉन बसलेलं आहे.

हाच हिशेब अण्णांच्या एका एकराला लावू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे काल्पनिक लॉन दिवसाला सात मिलिमीटर उडवतं असं धरू. उष्ण हवामानातल्या हिरवळीचा गुणांक ०.८ ते ०.८५. आपण ०.८ घेऊ. सात गुणिले ०.८ म्हणजे चौरस मीटरला ५.६ लिटर रोज. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून रोजचे साधारण २२,६०० लिटर. नळीने किंवा फवाऱ्याने दिलेल्यातलं पाऊणच गवताला पोचतं असं धरलं तर ३०,००० लिटर.

ग्रामीण नळयोजनांचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे हे साडेपाचशे माणसांचं पाणी, एका लॉनवर. मार्च ते मे नव्वद दिवस धरले तर २७ लाख लिटर.

आणि नर्सरीत जातींवरून जी चर्चा चालते तिचा फायदा किती? थंड हवेच्या गवताचा गुणांक ०.९५ धरतात, उष्ण हवेच्या गवताचा ०.८५. म्हणजे जात बदलून वाचतं दहावा हिस्सा पाणी. वाईट नाही, पण टँकर त्याने थांबत नाही.

२०१६ची आठवण

एवढे लिटर ऐकून तुम्हाला २०१६ आठवलं असेल. मला आठवतं, कारण तेव्हा मी कॉलेजात होते आणि वसतिगृहात टीव्हीपुढे दोन तट पडले होते. एप्रिल महिना, मराठवाडा होरपळत होता. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे, 'जलदूत', लातूरला पोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात आयपीएलविरुद्ध याचिका चालली होती. राज्यातल्या मैदानांसाठी ६० लाख लिटर पाणी लागेल, असा याचिकेतला दावा. १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. सांडपाणी शुद्ध करून मैदानांना वापरू, असंही आयोजकांकडून सांगण्यात आलं होतं.

तेव्हा एक तट म्हणायचा, 'सामने हलवून लातूरला पाणी मिळणार आहे का?' प्रश्न चुकीचा नव्हता. वानखेडेचं पाणी वाचलं म्हणून ते लातूरच्या नळाला येत नाही. पण आता अण्णांचा हिशेब शेजारी ठेवा. तीन महिन्यांचे २७ लाख लिटर. म्हणजे अशी सव्वादोन लॉन्स हिरवी ठेवली की आयपीएलचे ते ६० लाख झाले. आणि अण्णांचं पाणी मुंबईचं नाही. ते त्याच शिवारातल्या बोअरचं, जिथून गावाची विहीर भरते. स्टेडियमवर आपण भांडलो, कारण ते टीव्हीवर दिसत होतं. रस्त्याकडेच्या लॉन्सवर आपण जेवलो, आहेर दिला आणि घरी आलो.

मग अण्णांना काय सांगितलं?

"लावूच नका" असं सांगणं सोपं होतं. पण त्यांनी जमिनीवर कर्ज काढलंय, आणि गिऱ्हाईक फोटो बघून तारीख ठरवतं. "पिवळ्या गवतावर कोण लग्न लावील गं?" हा त्यांचा प्रश्न खराच आहे.

अमेरिकेतल्या लास वेगासच्या वाळवंटात हाच पेच होता. तिथे १९९९पासून लोकांना लॉन काढायचे पैसे देतात. २०२१मध्ये नेवाडा राज्याने कायदा केला, की जी हिरवळ कुणी वापरत नाही, नुसती बघायला आहे, तिला २०२६ अखेरनंतर कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. खेळायची, बसायची हिरवळ ठेवा, दुभाजकावरची काढा. मला हा फरक उपयोगाचा वाटला. अण्णांना विचारलं, "लोक बसतात कुठं, फोटो काढतात कुठं?" उत्तर आलं, स्टेजपुढं. मोजून दहा गुंठे.

मग हिशेब असा मांडला. दहा गुंठे हिरवे ठेवायचे, पण गच्च हिरवे नाहीत. थोडी फिकट हिरवळ चालत असेल तर हरळी ०.६ गुणांकावरही तगते. पाणी रोज शिंपडायचं नाही. चार-पाच दिवसांनी एकदा, पहाटे, वीतभर खोल ओल जाईल असं. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की गवत माना टाकतं. कापताना दोन इंचांच्या खाली जायचं नाही. पात्याची उंची आणि मुळाची खोली यांचं नातं असतं. खूप आखूड कापलेल्या गवताची मुळंही आखडतात. उरलेले तीस गुंठे हरळीचेच, पण त्यांना फेब्रुवारीपासून झोपू द्यायचं. तीन आठवड्यांनी एकदा बारा मिलिमीटर पाणी, कांडी जिवंत राहण्यापुरतं. कडेने लिंबाची झाडं, कारण सावलीतून पाणी कमी उडतं आणि वऱ्हाडाला मे महिन्यात गवतापेक्षा सावली जास्त हवी असते. आणि हात धुवायच्या नळांचं पाणी गाळून या दहा गुंठ्यांकडे वळवायचं.

नळीतून वाया जाणारं धरूनही हे रोजचे आठ हजार लिटरच्या आसपास येतात. तीस हजारांचे आठ. मी खूश होऊन आकडा सांगितला. अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हंजे अजून दीडशे माणसाचं पाणी हायच की."

भागाकार त्यांनी मनातल्या मनात केला होता, आणि तो बरोबर होता. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. शेवटी त्यांनीच अट घातली. गावात टँकर सुरू झाला की दहा गुंठ्यांचंही बोअरचं पाणी बंद, फक्त हात धुतलेलं पाणी. पाळतील का? बघू. पहिली लग्नसराई अजून यायची आहे.

गवत मात्र नर्सरीतून आलं नाही. गेली तीस वर्षं ज्या वावरातून अण्णा हरळी उपटून बांधावर फेकत आले, तिथूनच दोन ट्रॉली कांड्या आणल्या. शेणकाल्यात कालवून जूनच्या पावसावर थापल्या. काकू म्हणाली, "जन्मभर जिला शिव्या दिल्या तिलाच आता पाणी घाला."

तुमच्या सोसायटीत, शाळेत, ऑफिसात लॉन असेल तर हा हिशेब तुम्हीही करून बघा. टेपने लांबी-रुंदी मोजा, चौरस मीटर काढा, त्याला ५.६ने गुणा. हे झाले उन्हाळ्यातले रोजचे लिटर, नळीतली गळती सोडून. मग ५५ने भागा. जो आकडा येईल तो पुढच्या मीटिंगमध्ये नुसता वाचून दाखवा.